कल्याणसरांच्या सायकलीचं प्रस्थान

कल्याणसरांनी सकाळपासून सायकलीभोवती सहावी फेरी मारली तेव्हा शिवकन्येने पोळपाट बाजूला सरकवला.

"अहो, बसा ना जरा. तुमच्याकडं पाहून मला चक्कर येऊन राह्यली."

"बसून कसं जमंल? चार दिवस राह्यले फक्त," सर म्हणाले आणि सातव्या फेरीला लागले.

सायकल बैठकीच्या मधोमध उभी होती. एकवीस गिअरची, डोंगरदऱ्यांत चालणारी, मनगटाएवढ्या जाड टायरांची. ती घरात आल्यापासून दिवाणावर बसायचं तर पाहुण्यांना हँडलखालून वाकून जावं लागे. सरांच्या आई द्वारकाबाई तिला सायकल म्हणतच नसत. "ते जनावर बाहेर बांध," म्हणत.

आता भोकरदनच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या अडतीस वर्षांच्या संसारी माणसाला हे कुठून सुचलं? तर साधनामुळे. सर चौदा वर्षं सातवीला थरचं वाळवंट शिकवत होते. वाळूच्या टेकड्या कशा सरकतात, दिवसा अंग कसं भाजून निघतं, सूर्य बुडाला की हुडहुडी कशी भरते, सगळं हातवारे करून सांगत. यंदा श्रावणात साधना नावाची मुलगी हात वर करून उभी राहिली.

"सर, तुम्ही पाह्यलं का वाळवंट?"

"न्हाई," सर म्हणाले.

"मंग तुम्हाला कसं माहीत?"

"पुस्तकात आहे ना."

"पुस्तक तर आमच्यापाशी बी हाये, सर."

पोरगी खाली बसली, पण सरांच्या मनात जे उभं राहिलं ते काही केल्या बसेना. चौदा वर्षं! दरवर्षी सुट्टी लागायची आणि दरवर्षी कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, निवडणुकीची ड्यूटी, नाहीतर कुठली तरी मोजणी. जग शिकवणारा माणूस जिल्ह्यातल्याच मंठ्याच्या पलीकडे सहसा गेला नव्हता. सरांनी त्याच आठवड्यात वर्गात छाती ठोकून सांगून टाकलं, "दिवाळीत मी जैसलमेरला जाणार. वाळूच्या टेकड्यांवर सायकल चालवणार. आणि तुमच्यासाठी बाटलीभर वाळू आणणार!" झालं, शब्द गेला. आता न जाणं म्हणजे सातवीत तोंड दाखवायची सोय नाही.

जोडीला शाळेतले खेळाचे शिक्षक ओमप्रकाश तयार झाले. ओमप्रकाश हा शांत माणूस. तो "जाऊ" म्हणाला आणि झोपला. झोप उडाली ती सरांची. मोबाइलवर वाळूत सायकल चालवण्याचे जेवढे व्हिडिओ होते तेवढे त्यांनी पाहिले. वाळूत चाकातली हवा कमी करायची, हे ओमप्रकाशला सांगायला पहाटे पाचला फोन केला. केळना नदीच्या पात्रात जी काय मूठभर वाळू उरली होती तिच्यात रोज सकाळी सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी तलाठी येऊन बराच वेळ काठावर उभे राहिले. वाळू नेत नाही, नुसता तिच्यावर पडतो आहे, हे सरांनी त्यांना पडून दाखवलं.

"आपल्या नदीची वाळू लोकांनी उचलून नेली," द्वारकाबाई म्हणाल्या, "आन् आता हा राजस्थानची आणायला निघाला. बाटलीत!"

बॅग तर आठ वेळा भरली आणि आठ वेळा उपसली. गॉगल, मीठ-साखरेची पाकिटं, हवेचा पंप, पंक्चरचं सामान, आधारकार्ड, वाळूसाठी रिकामी बाटली. शिक्षकदिनाच्या सत्कारात मिळालेली जाड शालसुद्धा सर्वात वर ठेवली. रात्री थंडी वाजते ना! चौदा वर्षं शिकवत होते, विसरतील कसे?

सगळं जागच्या जागी बसलं होतं. त्या रविवारी द्वारकाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या आणि त्यांनी सहज विचारलं.

"गाडी कव्हाची म्हणला?"

"बुधवारी सकाळी आठला. संभाजीनगरहून."

द्वारकाबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. "बुधवारी? जाशील बुधी तर येशील कधी! आन् तेबी उत्तरेला? बुधवारी उत्तरेला दिशाशूल असतो, बाबा."

"माय, रेल्वेला दिशाशूल नसतो."

"रेल्वेला नसंल. तुला हाये ना!"

"तिकीट निघालंय. दोन महिने आधी काढलंय."

"मंग उद्याच्याला प्रस्थान ठेवू. सोमवार चांगला हाये."

प्रस्थान म्हणजे जुन्या माणसांनी वाईट दिवसावर काढलेली पळवाट. जायचा दिवस नडत असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू, जायच्या दिशेला असलेल्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग माणसाने खुशाल वाईट दिवशी जावं आणि वाटेत ती उचलून घ्यावी. अट एकच. एकदा उंबरा ओलांडला की ती वस्तू माघारी आणायची नाही. ती पुढे जाईल, मागे यायची नाही.

सर त्या वेळी मागच्या चाकाची हवा तपासत होते. "ठेव माय, काय ठेवायचं ते ठेव," ते म्हणाले. "फक्त मला टायमावर निघू दे!"

सोमवारी संध्याकाळी सर शाळेतून आले तर बैठक ओस पडलेली. पाहुण्यांना सरळ उभं राहून दिवाणापर्यंत जाता येईल एवढी जागा मोकळी झाली होती. 

"माय! सायकल कुठंय?"

"निघाली," द्वारकाबाई समाधानाने म्हणाल्या. "साडेदहाच्या मुहूर्ताला. उषाबाईच्या घरी ठेवली. बॅग बी संगंच दिली."

"अगं, सुपारी ठेवतात ना प्रस्थानाला! तांदूळ-सुपारी!"

"सुपारीवर बसून जाणार का तू? ज्याच्यावर बसून जायचं ते ठेवलं."

सरांनी शिवकन्येकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय पाहता? तुम्हीच म्हणले ना, काय ठेवायचं ते ठेव."

उषाबाईंचं घर गल्लीच्या उत्तर टोकाला. सर धावतच गेले. सायकल देवघरासमोर उभी होती. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाला हळदीकुंकू, शेजारी समई. बॅगेवर सुद्धा एक फूल.

"काकू, जरा ब्रेक तपासून घेतो."

"हात लावू नका सर! बुधवारी सकाळी या आन् घेऊन जा. तव्हर ती तुमची न्हाई, प्रस्थानाची हाये."

सर परत आले. जेवण होईपर्यंत दोनदा जाऊन उषाबाईंच्या खिडकीतून डोकावून आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा उषाबाईंनी खिडकी लावून घेतली. घरी येऊन सर मोकळ्या बैठकीतच फेऱ्या मारू लागले. मधे सायकल नव्हती, फेऱ्या मात्र गोलच होत होत्या.

मंगळवार हा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. शाळेत पेपरांचे गठ्ठे, निकालाची पत्रकं, मुख्याध्यापकांची घाई. एक पाय वर्गात आणि एक जैसलमेरात, अशी सरांची अवस्था. दुपारी बाराला उषाबाईंचा फोन आला.

"सर, आमच्या लेकीला, बेबीनंदाला, कळा सुरू झाल्या. मी जल्दी मंठ्याला निघाले. घराला कुलूप लावावं लागंल. बंद घरात, दिव्याबिगर प्रस्थान कसं ठेवू? काय करू?"

सर गठ्ठा बांधता बांधता दातात सुतळी धरून बोलत होते. "काकू, तुम्हाला पटंल तसं करा!" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

उषाबाईंना काय पटलं ते सरांना संध्याकाळी पाचला कळलं. त्यांच्या दाराला कुलूप होतं. शिवकन्या ओट्यावरूनच ओरडून म्हणाली, "काकूंनी रामप्रसादभाऊच्या मळ्यात दिली! सिल्लोड रोडला! पुढंच गेली, मागं न्हाई आली!"

रामप्रसादचा मोसंबीचा मळा गावाबाहेर दीड किलोमीटरवर. सर तणतणत गेले. चांगले दोन शब्द सुनावायचे, असं ठरवूनच गेले. आणि मळ्यात पाहतात तर काय, लिंबाच्या झाडाखाली सतरंजी अंथरलेली, पंधरा-वीस माणसं खाली मान घालून बसलेली, आणि रामप्रसाद डोक्याला उपरणं गुंडाळून मधे.

"या सर," तो खोल आवाजात म्हणाला. "तुम्हाला बी कळलं का?"

रामप्रसादचे ब्याण्णव वर्षांचे चुलते, आबा, दुपारी चारला गेले होते. आता अशा ठिकाणी माणूस सायकल कशी मागणार? सर गुपचूप सतरंजीवर टेकले.  सरांचा उजवा गुडघा आपोआप हलायला लागला. त्यांनी तो हाताने दाबला तर डावा हलायला लागला. गोठ्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मोटारीच्या खोलीत वाकून पाहिलं. सायकल कुठेच नाही. 

"सरांचा लई जीव व्हता आबांवर," शेजारचा एक म्हातारा कुजबुजला. "पाहा ना, बसवंना त्यांच्यानं."

सरांनी आबांना जन्मात पाहिलं नव्हतं. अर्धा तास असा गेला. मग चहा आला, आणि सरांनी बशी तोंडाला लावून, शक्य तितक्या दुःखी आवाजात विचारलं, "रामप्रसादभाऊ, ती... सायकल?"

"तुम्ही बिलकुल फिकर करू नका," रामप्रसादने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "सुतकाच्या घरात प्रस्थान ठेवून मी तुमचं वाईट करू का? इकडं आबा गेल्याचा निरोप आला, इकडं मोसंबीची गाडी भरून तयार. पप्पू निघूनच राह्यला व्हता. त्याला म्हणलं, सरांची सायकल राजस्थानला जायची हाये. तो म्हणला, मी बी जोधपूरलाच चाललो, टाका वर!"

सरांच्या हातातली बशी कलली. चहा सतरंजीवर सांडला. म्हाताऱ्याने त्यांना धरलं आणि म्हणाला, "रडा सर, मोकळे व्हा."

पप्पू म्हणजे ट्रकचा डायव्हर आणि सरांचाच जुना विद्यार्थी. तेरा-चौदा वर्षं झाली तरी सरांना तो आठवत होता, कारण भूगोलात नापास झालेला त्यांचा तो पहिला. थरचं वाळवंट कुठे आहे, या प्रश्नाला त्याने 'लांब' एवढंच उत्तर लिहिलं होतं. सरांनी बांधाआड जाऊन त्याला फोन लावला.

"पप्पू! कुठंय तू?"

"सर! नमस्कार सर! सिल्लोडच्या पुढं. तुमची सायकल एकदम बराबर बांधली बघा, मोसंबीवर."

"थांब! अजिंठ्याला थांब. मी येऊन राह्यलो!"

"बराबर सर."

दहा मिनिटांत ओमप्रकाशची मोटारसायकल सिल्लोड रोडला लागली. ओमप्रकाश झोपेतून उठून आला होता. "लेका, जाऊ दे ना सायकल पुढं," तो ओरडून सांगत होता. "आपण उद्या रेल्वेनं जाऊ, तिथं घेऊ!"

या सबंध गोष्टीत शहाणपणाचं वाक्य हे एकच. पण पळणाऱ्या माणसाला ते ऐकू येत नाही. "बॅग बी संगंच आहे! आधारकार्ड तिच्यात आहे! बूट तिच्यात आहेत! तू चालव, जल्दी!"

अजिंठ्याला पोचले तर चहाच्या हॉटेलापुढे दोन म्हशी आणि एक बंद पडलेला ट्रॅक्टर. ट्रक नाही. पुन्हा फोन.

"पप्पू, थांब म्हणलं होतं ना!"

"थांबणारच व्हतो सर. पण तेवढ्यात मायचा फोन आला."

"कोणाच्या मायचा?"

"तुमच्या. त्या म्हणल्या, प्रस्थान वाटेत थांबू देऊ नको, अन् ज्या जागी जायचं ती जागा आल्याबिगर माघारी वळवू नको. त्या असं बी म्हणल्या की मागून कल्याणचा फोन येईल, ऐकू नको."

"अरे, मी तुझा सर आहे!"

"तुम्ही सर हायेत, पण त्या तुमच्या माय हायेत, सर." पप्पूचा हिशेब चोख होता. "असं करा, मी हळू चालवतो. थांबत न्हाई, पण हळू चालवतो. तुम्ही मागून या आन् चालत्या गाडीतून काढून घ्या."

हेही सरांना पटलं! घाट उतरून पाच किलोमीटर गेले तेव्हा पुढे खरंच एका ट्रकचे लाल दिवे दिसले आणि वर, ताडपत्रीच्या वर, एक चाक आकाशाकडे तोंड करून गरगर फिरत होतं. "तीच! तीच!" सर ओमप्रकाशच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडले. त्याच क्षणी मोटारसायकलचं मागचं चाक फस्सकन बसलं.

दोघं खाली उतरले. लाल दिवे लहान होत होत गेले.

"फिकर नको," सर म्हणाले. "माझ्याकडं पंक्चरचं सामान आहे. पंप बी आहे."

"कुठंय?"

"बॅगेत."

"बॅग कुठंय?"

सरांनी लाल दिवे गेले तिकडे बोट दाखवलं. ओमप्रकाश म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं का," आणि रस्त्याकडेच्या एका हॉटेलाच्या बाजेवर आडवा होऊन पाच मिनिटांत घोरू लागला. सरांनी बाजेभोवती किती फेऱ्या मारल्या ते मोजायला कुणी जागं नव्हतं. सकाळी साडेआठला पंक्चरवाला आला. त्याने तोंड धुतलं, अगरबत्ती लावली, चहा घेतला. नऊ वाजता चाक दुरुस्त झालं. आठची गाडी आठलाच गेली होती.

दुपारी सर घरी पोचले. नंतरच्या सगळ्या गाड्या भरलेल्या. दिवाळीच ती, उभं राहायला जागा नाही. ते दिवाणावर बसले, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं. खरंच आलं. एक बाटलीभर वाळू मागितली होती माणसाने, जास्त काही नव्हतं मागितलं.

द्वारकाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मंगळवारी तरी कोण जातं रे उत्तरेला? मंगळवारी बी दिशाशूलच असतो. म्हणून तर सोमवारी ठेवल्तं." त्यांनी पदराने लेकाचे डोळे पुसले. "जे मुहूर्तावर निघालं ते गेलं बघ पुढं."

 चौदा वर्षं शिकवलेल्या भूगोलात हे कुठेच नव्हतं.

मग सुरू झाले फोटो. पहिला जोधपूरच्या बाजारातला. सायकल मोसंबीच्या ढिगाला टेकलेली, गळ्यात अजून झेंडूचा हार. परतीचा माल मिळायला पप्पूला चार दिवस लागणार होते. सरांनी हताश होऊन फोन केला, "आण बाबा आता परत."

"आणतो सर. पण जागा अजून कुठं आली? मायनं जैसलमेर सांगितलं हाये."

आणि पप्पू सायकल घेऊन, मालाची वाट पाहत बसलेल्या आणखी चार डायव्हरांसोबत बसने जैसलमेरला गेला. दुसरा फोटो आला त्यात वाळूची टेकडी, टेकडीवर सायकल आणि सायकलीवर गॉगल लावलेला पप्पू. गॉगल सरांचा होता. तिसऱ्यात सायकलीशेजारी उंट होता आणि तो झेंडूचा हार खात होता. गल्लीत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फोटो पोचले. सर दळण घेऊन निघाले की लोक विचारत, "सर, तुमची सायकल कुठवर पोचली?" उषाबाई मंठ्याहून नातवाचे पेढे घेऊन आल्या, त्यांनीही आधी सायकलीचीच खुशाली विचारली. सायकल परत आली तेव्हा द्वारकाबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं आणि मगच तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. गल्लीला पुरणाचं जेवण घातलं. पंगतीत वाढायला कल्याणसर होते.

सुट्टी संपली. आता सातवीत जायचं होतं. सर शाळेच्या दारापासून तीनदा मागे फिरले. शेवटी वर्गात गेले, टेबलावर वाळूची बाटली ठेवली. पिवळीधमक, बारीक, मोहरीपेक्षाही बारीक वाळू. पोरांनी आ वासला. साधनाचा हात वर गेलाच.

"सर, पाह्यलं का मंग?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. सरांनी बाटलीकडे पाहिलं, खडूकडे पाहिलं.

"न्हाई साधना," ते म्हणाले. "मी घरीच व्हतो. ज्यानं पाह्यलं, त्याला बोलावलंय."

दारात पप्पू उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात एक पिशवी. ज्या वर्गात नापास झाला त्याच वर्गात फळ्यापुढे उभं राहायचं म्हणून त्याला घाम फुटला होता. सर जाऊन शेवटच्या बाकावर, दोन पोरांच्या मधे बसले. पप्पू आधी चाचरला, मग सुटलाच. वाळू पायाखालून कशी सरकते, सायकल पहिल्यांदा कशी आपटली, हवा कमी केल्यावर कशी पळाली. पोरं हसत होती, उठून उभी राहत होती. आणि शेवटच्या बाकावरून एक हात हळूच वर आला. सरांचा.

"पप्पू, मला सांग... रात्री थंडी वाजते म्हणतात. वाजते का खरंच?"

पप्पू चकित होऊन पाहतच राहिला.

"सर, तुम्हीच तर शिकवल्तं! दिवसा भाजतं आन् रात्री हुडहुडी भरते. बाकीचे डायव्हर म्हणत व्हते, एवढं ऊन हाये, कशाची थंडी? मी म्हणलं, आमच्या सरांनी सांगितलंय. रात्री ते सगळे कुडकुडत बसले, आन् मी मस्त झोपलो. तुमच्या बॅगेतली शाल घेऊन."

 पप्पूने पिशवीतून ती शाल काढली, बाकांमधून चालत मागे आला आणि त्याने सरांच्या खांद्यावर पांघरली. साधनाने पहिली टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.  सरांनी मान खाली घातली, तशी शालीच्या घडीत अडकलेली पसाभर वाळू कॉलरमधून सळसळत त्यांच्या पाठीवर उतरली.

चौदा वर्षांनी वाळवंट सरांच्या अंगाला लागलं होतं, आणि ते बेक्कार खाजत होतं.